परीक्षेतील निबंधाची लांबी आणि वाणीचे माप

ठरावीक वेळेत लिहायच्या इंग्रजी निबंधाला दोन कुंपणे असतात, एक घड्याळाचे आणि दुसरे शब्दसंख्येचे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाच्या पेपरला तीन तास मिळतात आणि त्यात प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात. त्याच परीक्षेतील सक्तीच्या इंग्रजी पेपरात ३०० पैकी १०० गुण सुमारे ६०० शब्दांच्या निबंधाला आहेत. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेत निबंधाला ४० मिनिटे धरलेली असतात आणि किमान २५० शब्दांची अट असते. मिनिटांनी भागून पाहिले तर आयोगाच्या निबंधात मिनिटाला अकरा ते तेरा शब्द पडतात; सक्तीच्या इंग्रजीत निबंधाला तासभर दिला तर दहा, आणि आयईएलटीएसमध्ये जेमतेम सहा-सात. विचार करणे, आराखडा मांडणे आणि लिहून झालेले वाचणे हे सगळे त्याच मिनिटांत बसवावे लागते.

हे आकडे कमीतकमी किती आणि जास्तीत जास्त किती एवढेच सांगतात. किती लिहिले म्हणजे पुरे, हे त्यांतून कळत नाही. तो प्रश्न परीक्षेपेक्षा बराच जुना आहे. बोलणाऱ्याने कुठे थांबावे, जास्त बोलणे हा दोष की पाप, कमी बोलणे हा गुण की चोरी, यावर भारतीय तर्कशास्त्राने आणि धर्मविचाराने पुष्कळ खल केला आहे. परीक्षेच्या खोलीत त्याच प्रश्नाला घड्याळ लावलेले असते.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत हा प्रश्न जरा वेगळ्या वाटेने येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती लागलेल्या ‘नव्या काबिजादीं’तले हे तालुके. देवळातले कीर्तन, जत्रेतला दशावतार आणि घरातली पोथी यांमुळे इथे मराठीचे वाचन-श्रवण पिढ्यान् पिढ्या चालत आले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. पुढे १९९०च्या धोरणाने प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणी माध्यमांपुरते ठेवले. इंग्रजीसाठी ते २०११ मध्ये खुले झाले. त्यामुळे सरकारी शाळेत शिकलेल्या इथल्या पुष्कळ मुलांचा ठरावीक प्रवास असा : चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळेच इंग्रजीत. घरी कोकणी किंवा मराठी बोलणारा हा विद्यार्थी इंग्रजी निबंधाला बसतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखे असते, पण ते सांगायला हाताशी शब्द थोडे असतात. पान भरण्याची धास्ती त्यालाच सर्वांत जास्त वाटते.

परीक्षेच्या खोलीत ही धास्ती डोळ्यांना दिसते. पहिला अर्धा तास उलटतो आणि कोणीतरी हात वर करून पुरवणी मागते. पर्यवेक्षक पुरवणी देतात, सही करतात, आणि त्या कागदाच्या सळसळीने आसपासची चार डोकी वर होतात. आपली उत्तरपत्रिका अजून भरलेली नाही, म्हणजे आपण मागे पडलो, असे त्या चौघांनाही वाटू लागते. त्यानंतर लिहिले जाते ते बहुधा विषयाला धरून नसते. अक्षर मोठे होते, शब्दांतली जागा वाढते, एकच वाक्य थोडा वेष बदलून पुन्हा येते. शेवटी दोऱ्याने बांधलेल्या चार पुरवण्यांची जाडी हीच उत्तराची किंमत वाटायला लागते.

‘निबंध’ या शब्दातच लांबीबद्दलचे दोन विचार एकमेकांशेजारी नांदतात. संस्कृतात निबंध म्हणजे घट्ट बांधलेले. धर्मशास्त्रात हा शब्द स्मृतिवचने गोळा करून, त्यांतला विरोध काढून, विषयवार बांधलेल्या ग्रंथांना लावत. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू (१७९०) हे या अर्थाने निबंधग्रंथ. पंचांगाचा घोळ झाला की आजही भटजी ज्याचा हवाला देतात तो हा धर्मसिंधू. फ्रान्समध्ये मात्र मोंतेनने १५८० मध्ये आपल्या लेखनाला जे नाव दिले, त्याचा अर्थ होता प्रयत्न, चाचपणी. इंग्रजीतला ‘एसे’ हा शब्द तिथूनच आला. एकीकडे सारे बांधून पुरे करण्याची प्रतिज्ञा आणि दुसरीकडे थोडे चाखून पाहण्याची मुभा. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमाला चालवली. तिच्यातले निबंध अंकामागून अंक चालत आणि वाचक थांबत. परीक्षेत कोणी पुढच्या अंकासाठी थांबत नाही. तिथे मोंतेनची चाचपणी धर्मसिंधूच्या बांधणीने करायची असते, तीही चाळीस मिनिटांत.

लांबीचा विचार सर्वांत काटेकोरपणे केला तो न्यायदर्शनाने. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. वादात उतरलेला माणूस कोणत्या चुकीपाशी हरला असे समजावे, त्या जागा म्हणजे निग्रहस्थाने. यादी वादसभेसाठी आहे, पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या टेबलावर ठेवली तरी चालेल. तिच्यात ‘न्यून’ आहे आणि ‘अधिक’ही आहे. न्यायमताने अनुमानाला पाच अवयव लागतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. यांतला एक जरी गळला तरी न्यून. एका हेतूने काम भागत असताना दुसरा हेतू आणि एक दृष्टांत पुरत असताना दुसरा दृष्टांत आणला, तर अधिक. दोन्ही ठिकाणी पराभव तितकाच. कमी बोलणाऱ्याला कोपऱ्यात उभे करावे आणि जास्त बोलणाऱ्याला शाबासकी द्यावी, अशी वागणूक न्यायशास्त्रात नाही.

याच यादीत ‘पुनरुक्त’ आहे, म्हणजे तेच पुन्हा सांगणे. ‘अर्थांतर’ आहे, म्हणजे चालू विषय सोडून भलतेच बोलणे. आणि ‘अप्राप्तकाल’ आहे, म्हणजे अवयवांचा क्रम मोडून आधीचे नंतर व नंतरचे आधी सांगणे. ‘अपार्थक’ या दोषाचे उदाहरण तर मुलांनाही आवडेल : दहा डाळिंबे, सहा घारगे, एक मडके. प्रत्येक शब्दाला अर्थ आहे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पाठ केलेली सुभाषिते, थोरांची वचने आणि सामान्यज्ञानाचे तुकडे एकापुढे एक मांडलेला निबंध हा असा डाळिंब-घारग्यांचा ढीग असतो. शब्दसंख्या भरते, वाक्य मात्र होत नाही.

पुनरुक्ताला नैयायिकांनी एक सूट ठेवली आहे. काही कारणाने पुन्हा सांगितले तर तो ‘अनुवाद’, दोष नव्हे. निगमनात प्रतिज्ञाच परत येते, पण आता ती हेतूच्या आधाराने सिद्ध होऊन येते, म्हणून ती पुनरुक्ती ठरत नाही. मीमांसकांनीही ग्रंथाचे तात्पर्य ओळखण्याच्या सहा खुणा सांगताना ‘अभ्यास’, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणे, ही एक खूण मानली. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला एकच महावाक्य नऊ वेळा ऐकवले आहे. पण दर वेळी आधी नवा दृष्टांत येतो, कधी वडाच्या फळातले बी, कधी पाण्यात विरघळलेले मीठ. परीक्षेतल्या शेवटच्या परिच्छेदाची कसोटी इथे मिळते. सुरुवातीचे म्हणणे मधल्या युक्तिवादातून काही कमावून परत आले असेल तर ठेवावे. तसेच्या तसे आले असेल तर त्या चार ओळी लिहिल्या नसत्या तरी चालले असते.

मग निबंध लांब असला की गुण जास्त, हा समज आला कुठून? तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेत २००५ मध्ये २५ मिनिटांचा निबंध सुरू झाला, तेव्हा एमआयटीतले लेखनाचे प्राध्यापक लेस पेरेलमन यांनी नमुन्यादाखल छापलेले निबंध शब्द मोजून पाहिले. लांबी आणि गुण जवळजवळ हातात हात घालून चालत होते. निबंध न वाचता, लांबूनच पाहून गुण सांगता येतील, असे त्यांचे म्हणणे पडले. निबंधातल्या चुकीच्या माहितीला गुण कापायचे नाहीत, असाही तिथे दंडक होता. हा निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बंद पडला.

न्यायशास्त्राच्या भाषेत ही अनुमानाची चूक आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. जिथे अग्नी तिथे धूर, ही मात्र खोटी. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. विषय जाणणाऱ्याला दिलेल्या वेळात पुष्कळ लिहिता येते, हे बहुधा खरे. पण पुष्कळ लिहिणाऱ्याला विषय समजला आहे, हे त्यावरून निघत नाही, कारण ज्ञानावाचूनही लांबी भेटते. असा हेतू न्यायमताने ‘सव्यभिचार’, म्हणजे साध्याशी एकनिष्ठ नसलेला. घाईतला परीक्षक त्याच्यावर भरवसा टाकतो, आणि परीक्षक तसा टाकतो हे ठाऊक असल्याने विद्यार्थी पाने भरतो. दोघे मिळून एक खोटी व्याप्ती जिवंत ठेवतात.

मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. संस्कृतात हाच स्थालीपुलाकन्याय. एक शीत चिमटून सगळा भात शिजला की नाही ते कळते, पण त्यामागे एक अट आहे : सारे तांदूळ एकाच भांड्यात, एकाच आधणात असले पाहिजेत. चांगला परीक्षक निबंधातल्या दोन-तीन वाक्यांवरून लिहिणाऱ्याची समज ओळखतो, ती याच भरवशावर. भरताड घातलेल्या निबंधात हे आधण एक राहत नाही. मधेच कच्चे तांदूळ पडतात, आणि ज्या शिताने परीक्षा व्हायची ते चांगले असूनही परीक्षकाच्या बोटाला भलतेच लागते. लांबी वाढवणारा विद्यार्थी आपल्याच पक्क्या ओळी अशा झाकून टाकतो.

इथपर्यंत प्रश्न तर्काचा झाला. धर्मविचार त्याच्या पुढे जातो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे, शिवाय स्वाध्याय. या यादीत ‘थोडके’ हा शब्द नाही. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात मात्र वाणीचे वर्णन करताना खरेपणा, मवाळपणा आणि रसाळपणा यांच्याबरोबर मितपणाही घातला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वर्णन त्यांनी अहिंसेच्या विवरणात घातले. मोजके बोलणे हे एरवी शिष्टाचारात किंवा शैलीत मोडले असते. ज्ञानेश्वरांनी ते अहिंसेत मोजले. ऐकणाऱ्याचा वेळ, त्याचे लक्ष, त्याची सहनशक्ती या त्याच्या जिवंत गोष्टी आहेत आणि पाल्हाळ त्यांना इजा करतो. परीक्षक गठ्ठ्यातली कितवी तरी उत्तरपत्रिका उघडून बसलेला असतो, तेव्हा हा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की हे सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांनी ‘अहिंसा’ या एका शब्दावर शंभराहून अधिक ओव्या खर्च केल्या आणि त्या विस्ताराबद्दल श्रोत्यांची समजूतही काढली. म्हणजे मित याचा अर्थ आखूड नव्हे. गरजेला पुरेल इतके, असा तो अर्थ आहे.

जैन आचारात पाच समितींपैकी एक भाषासमिती आहे. साधूने हितकर, मोजके आणि निःसंदिग्ध बोलावे, असा तिचा आशय. डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी जैनकोट नावाने ओळखले जाणारे मंदिराचे अवशेष आहेत, त्यामुळे हा विचार या मातीला परका नाही. बौद्धांनी वाणीची चार अकुशल कर्मे सांगितली, त्यांत खोटे, चहाडी आणि कठोर बोलण्याच्या पंक्तीला वायफळ बडबड बसवली. ख्रिस्ताने मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रार्थनेबद्दल हेच सांगितले : पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो अशा समजुतीने वटवट करू नये, आणि लगेच त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली ती काही ओळींची आहे. गोव्यात या धर्माची कथा मराठी ओवीत सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते. १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये छापले गेलेले त्यांचे ख्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. परक्या भाषेत इतके लांब लिहिणाऱ्या त्या इंग्रजाला घड्याळ कोणी लावले नव्हते, हे पेडण्याच्या मुलाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

भरताडीत अहिंसेखेरीज सत्याचाही भंग होतो. चौथे पान भरणारा विद्यार्थी एकही खोटे वाक्य लिहीत नसेल. पण त्या पानाच्या असण्यातून तो सांगत असतो की त्याच्याकडे आणखी म्हणणे होते. ते नव्हते. आकृतीने बोललेले हे खोटे. मुलांच्या बाबतीत त्याला पाप म्हणणे कठोर होईल, कारण पाने भरायची सवय त्यांना मोठ्यांनीच लावली. पण खोटे हे खोटेच.

उलट बाजूही तितकीच तपासली पाहिजे, कारण संक्षेपाचे कौतुक आपल्याकडे जरा जास्तच झाले आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशी म्हण त्यांच्यातच आहे. पाणिनीने सारे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसवले. पण ती सूत्रे कळावीत म्हणून कात्यायनाची वार्तिके लागली आणि त्यांवर पतंजलीचे अवाढव्य महाभाष्य. मांडूक्य उपनिषद बारा मंत्रांचे आहे; त्याच्यावर गौडपादांनी दोनशेहून अधिक कारिका लिहिल्या. सूत्र परवडते ते समोर गुरू बसलेला असतो म्हणून. बृहदारण्यकात प्रजापती देव, मानव आणि असुर यांना एकच अक्षर ऐकवतो, ‘द’. तिघे त्याचा आपापला अर्थ लावतात : दमन, दान आणि दया. जगातला हा सर्वांत छोटा निबंध म्हणावा. पण प्रजापती लगेच विचारतो, समजले का? आणि उत्तर बरोबर आले की हो म्हणतो. परीक्षकाला असे विचारायला परीक्षार्थी समोर नसतो. कागदावर जे उतरले तेवढेच त्याच्यापाशी पोचते, म्हणून लेखी परीक्षेत अति संक्षेप हा न्यूनच.

चांगदेवांची कथा याच जागी बसते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेल्या चांगदेवांना मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद गेला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, अशी मुक्ताबाईंनी थट्टा केल्याचे सांगतात. पण ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले, तीच चांगदेव पासष्टी. कोऱ्या कागदाचा इतका उदार वाचक एखाद्यालाच भेटतो. न्यायसूत्रांनी उत्तर न सुचण्याला ‘अप्रतिभा’ म्हटले आणि सरळ निग्रहस्थानांत घातले. परीक्षा मंडळेही तेच करतात.

तेव्हा माप कुठे सापडते? वाक्यार्थ कसा होतो हे सांगताना शास्त्रकारांनी ‘आकांक्षा’ हा शब्द वापरला. ‘आण’ म्हटले की काय आणू हा प्रश्न मनात उभा राहतो. ‘गाय’ म्हटले की तो शमतो. शब्दाला शब्दाची लागलेली ही ओढ म्हणजे आकांक्षा. निबंधाच्या विषयालाही अशी आकांक्षा असते. खेड्यातल्या मुलांनी शिक्षणासाठी शहरात जावे का, असा विषय आला की वाचकाच्या मनात तीन-चार प्रश्न उभे राहतात : जाऊन काय मिळते, काय सुटते, न जाताही मिळण्याची वाट आहे का, आणि लिहिणाऱ्याचे मत काय. ते शमले की निबंध संपला. त्यानंतरचे प्रत्येक वाक्य ‘अधिक’. ते शमण्याआधी थांबणे ‘न्यून’. शब्दांचा आकडा हा या शमण्याचा अंदाज असतो. परीक्षक मंडळींनी अनुभवाने ठरवलेला, म्हणून मान द्यावा असा, पण अंदाजच.

वेळेच्या कुंपणात ही आकांक्षा कशी सांभाळायची, याचा वस्तुपाठ पेडण्यात जत्रेच्या रात्री मिळतो. दशावताराच्या नाटकाला छापील संहिता नसते. आज कोणते आख्यान हे ठरते, कोणी कोणते पात्र करायचे ते ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. पायपेटी, मृदंग आणि झांज त्यांना साथ करतात. शेवट मात्र पक्का असतो : पहाटे दहीकाला. उजाडण्याआधी दैत्य मेला पाहिजे आणि हंडी फुटली पाहिजे. दोन राजांचा वाद रंगला तर नट तो वाढवतात. आभाळ फिकटू लागले की मुरलेला नट समोरच्याच्या तीन प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देऊन तलवारीला हात घालतो. नवखा नट चुकतो तो सुरुवातीला. पूर्वरंगातच गणपती, सरस्वती, संकासूर यांच्यात रमतो आणि मग आख्यान आवरता आवरत नाही. दिवट्यांच्या काळात अशा वेळी तेल आधीच संपून जाई. ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण अशाच प्रसंगाची. इंग्रजी निबंधातही घडा सांडतो तो बहुतेक पहिल्याच परिच्छेदात : आजच्या आधुनिक युगात, मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. तीन वाक्ये झाली तरी विषयाचे नाव नाही.

याच्या उलट टोकाला नार्वेचे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ते पुन्हा उभारायला घेतले, त्याचा शिलालेख दारावर आहे. देवाचे नाव, शके १५९० व संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, कोणाच्या आज्ञेने, आणि काय केले, एवढाच मजकूर. आधी देऊळ कोणी पाडले, का पाडले, किती दुःख झाले, यातले काही नाही. दगडावर टाकी चालवणाऱ्याला प्रत्येक अक्षराची मजुरी ठाऊक असते. पेन हलके असते, म्हणून ती विसरायला होते.

आखूड लिहायला वेळ जास्त लागतो, हे मात्र खरे. फ्रेंच विचारवंत पास्काल १६५६च्या एका पत्रात दिलगिरी व्यक्त करतो : पत्र लांबले, कारण ते आखूड करायला सवड मिळाली नाही. परीक्षेत ती सवड आधीच काढून ठेवावी लागते. चाळीस मिनिटांतली सहा-सात मिनिटे न लिहिता गेली तर ती वाया गेली असे विद्यार्थ्याला वाटते. खरे तर निबंधाची लांबी त्याच मिनिटांत ठरते. पालये गावच्या घराण्यातले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (१७१४–१७९२) यांच्याबद्दलची एक आख्यायिका अशा थांबण्याचे मोल सांगते. बांद्याचे कुळकर्णी असलेले सोहिरोबा सावंतवाडीच्या तातडीच्या बोलावण्यावरून निघाले असता इन्सुलीच्या रानात फणस खायला थांबले. तेव्हाच एक नाथपंथी साधू समोर आला, त्याने गरे मागितले, आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. वेळ फुकट घालवू नये असे पदांतून कळवळून सांगणाऱ्या या कवीला जे मिळाले ते घाईच्या वाटेवर थांबल्याने मिळाले. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. तिथल्या वर्गांत बसून मुले दरवर्षी इंग्रजीचे पेपर लिहितात.

व्यवहारात याचा हिशेब साधा आहे. चाळीस मिनिटे असतील तर सात मिनिटे विषयाची आकांक्षा ओळखून चार-पाच मुद्दे टिपण्यात, अठ्ठावीस मिनिटे लिहिण्यात आणि उरलेली पाच वाचून खोडण्यात जावीत. इंग्रजी ही शिकलेली भाषा असणाऱ्या मुलाच्या हातून त्या अठ्ठावीस मिनिटांत २५० ते ३०० शब्द नीट उतरतात. ओळीला आठ-नऊ शब्द धरले तर साधारण दीड पान. पहिल्या परिच्छेदाला दोन-तीन वाक्ये, शेवटच्याला तेवढीच, बाकी सारे मधल्या मुद्द्यांना. अट ६०० शब्दांची असेल तर मुद्दे वाढवू नयेत, प्रत्येक मुद्द्याला एक पाहिलेले उदाहरण जोडावे. जवळच्या मये तळ्याचे किंवा गावच्या बसचे उदाहरण पाठ केलेल्या वचनापेक्षा कमी शब्दांत जास्त सांगते. किमान संख्येपेक्षा वीस-तीस शब्द जास्त झाले तर बिघडत नाही, दुप्पट झाले तर बिघडते. आणि पुरवणीसाठी हात वर करण्याआधी प्रश्न एकदा पुन्हा वाचावा. बहुतेक वेळा हात खाली येतो.